पाहुण्याच्या नावाची लाल ओळ

आमच्या ऑफिसात आगीची रंगीत तालीम होते. घंटा वाजली की हातातलं काम तिथंच टाकायचं, जिन्यानं खाली उतरायचं आणि समोरच्या मोकळ्या जागेत उन्हात उभं राहायचं. त्या दिवशी सगळ्यांनी तसंच केलं. मी सोडून. मी उघडा लॅपटॉप डाव्या हातावर तोलत, पडद्यावरून नजर न हलवता जिना उतरत होते.

"पायरी," मागून कुणीतरी म्हणालं. "अजून एक... आता वळण. हां — परत पायरी."

मी वर न बघता उतरत राहिले. आवाज छान होता, खरं सांगायचं तर. त्यात ना घाई होती, ना चेष्टा.

"आग लागलीये आणि तुम्ही लॅपटॉप घेऊन निघालात?"

"आग खोटी आहे," मी म्हटलं. "टेम्पलेट खरं आहे. संध्याकाळी चढवायचंय."

"असं काय आहे त्यात?"

"कुणा दिवट्यानं सर्व्हरचं दार सगळ्या जगाला उघडं टाकलंय. सगळ्या जगाला! आणि वर बाजूला लिहिलंय, 'तात्पुरतं'. तात्पुरतं म्हणे! घराला कुलूप न लावता गावाला जाणाऱ्यांतला दिसतोय."

मागची पावलं थांबली. मी वळून पाहिलं. उंच, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चोरी पकडली गेल्यावर लहान मुलं हसतात तसलं हसू.

"दिवटा मीच," तो म्हणाला. "नमस्कार."

माझे कान तापले. पण माघार घ्यायची सवय नाही मला. "मग वर गेल्यावर आधी दार लावा," मी म्हटलं आणि लॅपटॉपात डोकं घातलं. पुढची पायरी चुकले. त्यानं कोपराला धरून सावरलं आणि लगेच हात काढून घेतला. लॅपटॉप वाचला. माझं म्हणाल तर... सांगते.

पण आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. क्लाउडवर लोकांची जी यंत्रणा चालते, म्हणजे सर्व्हर, डेटाबेस, त्यांच्या मधल्या वाटा, ती आम्ही हातानं मांडत बसत नाही. काय उभारायचं, कुठं उभारायचं, कुणाला आत सोडायचं, हे सगळं एका फाइलमध्ये लिहितो. ते टेम्पलेट. ते चढवलं की क्लाउड त्यात लिहिलंय तसं सगळं उभं करतो, जराही कुरकुर न करता. गोची तिथंच आहे. पाड म्हटलं तर तो पाडतोही, जराही कुरकुर न करता. म्हणून चढवण्याआधी तपासायचं. पहिल्यांदा मशीन तपासतं. मग खरोखर काही न बदलता नुसती तालीम करून बघायची. त्यात जे नव्यानं येणार ते हिरव्या ओळीत दिसतं आणि जे जाणार ते लाल ओळीत. शेवटी माणूस तपासतो. माणूस म्हणजे मी. मी 'मंजूर' म्हटल्याशिवाय आमच्या मजल्यावरून काहीही वर जात नाही.

माझी प्रत्येक टिप्पणी 'एक शंका आहे' अशी सुरू होते, म्हणून मजल्यावर माझं नावच शंका पडलंय. आईबाबांनी ठेवलेलं नाव आता फक्त ओळखपत्रावर उरलंय.

त्याला सगळे पाहुणा म्हणायचे. दुसऱ्या शहरातल्या शाखेतून तो एका मोठ्या रुग्णालयाच्या कामासाठी आला होता. रुग्णालयाच्या तळघरात जुने सर्व्हर घरघरत पडले होते. ते बंद करून तिथला सगळा कारभार क्लाउडवर न्यायचा, आणि झालं की पाहुण्यानं आपल्या घरी परत जायचं, असं ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त टेम्पलेट पाठवून तो गप्प बसला नाही. कॉफीचे दोन कप घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला.

"ही लाच आहे का?"

"छे! प्रायश्चित्त आहे. कुलूप लावलंय, बघा."

मी पाहिलं. दार खरंच बंद होतं. पण...

"एक शंका आहे."

"वाटलंच मला," तो म्हणाला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. "सांगा."

आता यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. विशेष हे की बाकीचे माझी शंका ऐकली की कपाळाला हात लावतात. फाटे फोडते म्हणतात. हा मात्र मी फोडलेला प्रत्येक फाटा कुठवर जातो ते बघायला माझ्याबरोबर यायचा. "बरं, डेटाबेस मध्येच बंद पडला तर?" मी विचारायचे. "तर दुसरा उचलेल," तो म्हणायचा. "आणि दुसराही पडला तर?" तो हनुवटी खाजवायचा, खिडकीबाहेर बघायचा, आणि मग एकदम वळून म्हणायचा, "हे मला सुचलंच नव्हतं." हे वाक्य म्हणताना त्याला जरासुद्धा कमीपणा वाटायचा नाही. मला ते वाक्य ऐकायची सवय लागली. मग ते ऐकण्यासाठी मी मुद्दाम शंका शोधायला लागले.

एकदा तर आमचं कडाक्याचं भांडण झालं. रुग्णालयाच्या माहितीची जादा प्रत कुठं ठेवायची यावरून.

"तुम्ही ऐकूनच घेत नाही," मी म्हटलं.

"अगं पण तू आधी माझं—" तो मध्येच थांबला.

मी पण थांबले. 

"तू म्हटलं मी," तो म्हणाला.

"ऐकलं."

"परत घेऊ?"

"नको... राहू दे." मी पडद्याकडे बघत म्हटलं. "पण मग तूही ऐक. प्रत दुसऱ्या इमारतीत हवी."

"बरं बाई. दुसऱ्या इमारतीत."

भांडण मी जिंकले होते. पण घरी जाताना आठवत राहिलं ते त्याचं 'अगं'.

अशाच एका संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. मी खालच्या दालनात उभी राहून छत्री उघडली, काड्या बघितल्या, मिटली. मग दाराकडे निघाले. मागून हसण्याचा आवाज.

"छत्रीचीही तालीम?"

"मागे एकदा भर रस्त्यात उलटी झाली होती."

"मग काय झालं?"

"भिजले."

"बस? नुसती भिजलीस?"

मी छत्री पुन्हा उघडली. त्याच्याकडे छत्रीच नव्हती. तो असल्या गोष्टींचा विचारच करत नसे. बसथांब्यापर्यंत आम्ही एका छत्रीत गेलो. माझा बाहेरचा खांदा भिजला, त्याचाही भिजला. मधले दोन कोरडे राहिले, आणि माझं सगळं लक्ष त्या दोघांकडेच होतं. बस आली तेव्हा तो म्हणाला, "ही जाऊ दे ना. गर्दी आहे." बस रिकामी होती. मी म्हटलं, "हो, फारच गर्दी आहे."

घरी मी आणि ताई दोघीच राहतो. ताई फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या मानेत कुठं गाठ आहे ते तिला नुसत्या बोटानं कळतं, माझ्या मनात कुठं आहे ते तर बोटही न लावता.

"कोण आहे?" जेवताना तिनं विचारलं.

"कोण कुठं?"

"भाजीत मीठ दोनदा पडलंय. तुझ्या हातून! चमचा उजेडात धरून मीठ घालणारी बाई तू. बोल, कोण आहे?"

मी सांगितलं. ती घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "मग सांगून टाक त्याला."

"त्याच्या मनात काय आहे याची खात्री नाही ना पण."

"ती कशी होणार? मनाची तुमच्यासारखी तालीम करता येत नाही, शहाणे. विचारावंच लागतं."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर नाही म्हणाला. रडशील, दोन दिवस मला छळशील, उठशील."

ताईला हे सोपं होतं. मला नव्हतं. तो रोज माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत होता. मी बोलले आणि उद्या तो त्या खुर्चीत बसला नाही तर? आहे ते तरी हातचं जाऊ नये, म्हणून मी गप्प राहिले. जगाची टेम्पलेट्स तपासणारी मी, स्वतःचं एक वाक्य काही मला मंजूर करता येईना.

रुग्णालयाचा दिवस उजाडला. दुपारची वेळ निवडली होती, बाह्यरुग्ण विभाग रिकामा असतो तेव्हाची. टेम्पलेट मी पुन्हा पुन्हा तपासलं होतं. तरी 'मंजूर' दाबताना बोट जड झालं. आमच्या गटाच्या प्रमुख मॅडम पाठीमागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. पडद्यावर ओळी यायला लागल्या. एक सर्व्हर उभा राहिला. दुसरा. मग डेटाबेस... आणि तिथं सगळं थांबलं.  पाहुण्याच्या कपाळावर घाम आला होता.  मी मनातल्या मनात प्रत्येक ओळ परत वाचत होते, कुठं चुकलो, कुठं चुकलो...

मग ओळ हलली. हिरवी झाली. फोनवर रुग्णालयाच्या नोंदणीखिडकीवरच्या बाई ओरडल्या, "दिसतंय हो! पेशंटचं नाव दिसतंय! आणि पटकन उघडतंय!"

माझा जीव भांड्यात पडला. सगळा मजला टाळ्या वाजवत होता. आम्हा दोघांनाच वाजवता येत नव्हत्या, कारण त्यानं आनंदाच्या भरात माझा हात धरला होता आणि आनंदाचा भर ओसरला तरी सोडला नव्हता. मीही सोडवून घेतला नाही. मॅडम खाकरल्या तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं.

त्या संध्याकाळी मी तरंगतच घरी आले. दार उघडताना मात्र एकदम उमगलं, काम संपलं. म्हणजे पाहुण्याचं इथं राहायचं कारणही संपलं.

पुढचे काही दिवस तो मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन दार लावून बोलत होता. बाहेर आला की माझ्याकडे बघून हसायचा आणि काही सांगायचा नाही. मीही विचारलं नाही. आणि मग एका सकाळी मॅडमचं टेम्पलेट माझ्याकडे तपासायला आलं. अगदी छोटं. आमच्या गटातल्या कुणाला कुठवर प्रवेश आहे, तेही आम्ही टेम्पलेटातच लिहितो. मशीनची तपासणी पास झाली होती. मी तालीम चालवली.

हिरवं काही नव्हतं. लाल ओळ एकच होती. तिच्यात त्याचं नाव होतं.

 दुसऱ्या लोकांना निरोप मिळतो, पार्टी मिळते, बसथांब्यावर हात हलवायला मिळतो. मला लाल ओळ मिळाली होती. आणि ते नाव पुसायची परवानगीही मीच द्यायची होती.

मी टेम्पलेट परत पाठवलं. 'एक शंका आहे. ओळीच्या शेवटी मोकळी जागा सुटली आहे.' मॅडमनी ती जागा काढून पुन्हा पाठवलं. मी पुन्हा परत केलं, 'एक शंका आहे. शेरा अधिक स्पष्ट लिहावा.' तो त्यांनी लिहिला. मग मी त्यांच्या विरामचिन्हांत चुका काढल्या. सगळा मजला माझ्याकडे बघायला लागला. मी इतका वाह्यातपणा आजवर कधी केला नव्हता. पण माझ्या हातात तेवढा एकच अडसर होता, आणि मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

शेवटी तोच आला. मी कॉफीच्या मशीनपाशी, खिडकीजवळ उभी होते.

"माझं टेम्पलेट का अडवलंयस?"

"तुझं कुठं? मॅडमचं आहे."

"नाव माझं आहे ना त्यात."

"आहे. लाल आहे."

"मग मंजूर कर की! विरामचिन्हांत चुका काय काढतेस? शंका, अगं ही काय शंका झाली?"

"इतकी घाई झालीये का जायची?"

"हो," तो म्हणाला. "खूप झालीये."

संपलं, मला वाटलं. डोळे भरून आले आणि त्याचा मला भयंकर राग आला.

"मग जा ना! कुणी धरून ठेवलंय? पण मला नको सांगूस ते बटण दाबायला. दुसऱ्या कुणाला सांग. मला नाही जमणार तुझं नाव स्वतःच्या हातानं... नाही जमणार. तू जाऊ नयेस असं वाटतं मला. रोज वाटतं. झालं, बोलले. आता हस हवं तर."

तो हसला नाही. कप हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

"कुठं जाऊ नये?" त्यानं हळूच विचारलं.

"तुझ्या शाखेत. परत."

"शाखेत कोण चाललंय?"

"तू! ती लाल ओळ—"

"अगं, मी खाली चाललोय. एक मजला खाली. नेटवर्कच्या गटात." त्याला आता हसू आवरेना. "त्यांच्या टेम्पलेटात माझं नाव हिरवं आहे. ते केव्हाच मंजूर झालं. फक्त तुझ्याकडचं लाल अडकलंय. म्हणून मी ना धड इथला, ना धड तिथला."

मी खिडकीच्या कट्ट्यावर बसले.  नेटवर्कच्या गटाची टेम्पलेट्स त्यांची तेच तपासतात, माझ्यापर्यंत येतच नाहीत. अर्धाच बदल माझ्यासमोर आला होता आणि तेवढ्यावरून मी त्याला आगगाडीत बसवून दिलं होतं.

"म्हणजे तू परत जाणार नाहीस?"

"शाखेला कळवलंय. इथंच राहणार."

"मग गट कशाला बदलतोयस? आमच्यात काय वाईट आहे?"

त्यानं हनुवटी खाजवली. कप खाली ठेवला. परत उचलला.

"नियम आहे ना," तो म्हणाला. "जवळचं नातं असेल तर एकमेकांचं काम मंजूर करायचं नाही. माझं प्रत्येक टेम्पलेट तुझ्याकडे येतं. मी तुला काही... विचारलं असतं, आणि तू हो म्हणाली असतीस, तर लोक म्हणाले असते, याचं काम काय, असंच पुढं जातं. तुझ्या मंजुरीबद्दल कुणी असं बोललेलं मला चाललं नसतं. आणि तू नाही म्हणाली असतीस, तर रोज माझी टेम्पलेट्स उघडताना तुला अवघडल्यासारखं झालं असतं. म्हणून म्हटलं, आधी खाली जाऊ. मग विचारू. मॅडमना मीच सांगितलं होतं, तिला बोलू नका म्हणून."

मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, दोन्ही एकदम. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. माझ्यापुढं उभा असलेला हा बिनछत्रीचा माणूस माझ्या कामाची माझ्याइतकीच काळजी करत होता. माझ्यासाठी तो घर सोडून इथं राहणार होता, आणि मी त्याच्या वाटेत विरामचिन्हं टाकत होते.

"काय विचारणार होतास?"

"आत्ता नाही. आधी मंजूर कर."

"आधी विचार."

"नियम म्हणजे नियम. तूच असं बोलतेस ना सगळ्यांना?"

"मी मंजूर करू शकत नाही," मी म्हटलं.

"आता काय राहिलं?" तो रडकुंडीला आला. "स्वल्पविराम?"

 मी ओढणीनं डोळे पुसले, टेबलापाशी गेले, टेम्पलेट उघडलं आणि त्याखाली लिहिलं, 'हे टेम्पलेट मी तपासू शकत नाही. कृपया दुसऱ्या कुणाला द्यावं. कारण, यात ज्याचं नाव आहे त्याच्याशी माझं जवळचं नातं आहे.'

आणि पाठवून दिलं. परत वाचलंसुद्धा नाही.

अशी टिप्पणी गटातल्या प्रत्येकाला जाते. एक फोन वाजला, मग शेजारचा, मग पलीकडचा. खुर्च्या फिरल्या. केबिनचं दार उघडलं आणि मॅडमनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहिलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच, मॅडम," मी म्हटलं.

"पण मी अजून विचारलेलंच नाही!" तो म्हणाला. चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"मग विचार ना रे बाबा," मॅडम म्हणाल्या. "आम्ही काय दिवसभर उभं राहायचं?"

त्यानं विचारलं. सगळ्या मजल्यासमोर, हातात गार झालेल्या कॉफीचा कप धरून, अडखळत, मध्येच थांबत. तो काय म्हणाला ते मी इथं लिहिणार नाही, ते माझं आहे. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी हो म्हटलं, आणि तो म्हणाला, "अगं, पूर्ण ऐक तरी," आणि मी म्हटलं, "ऐकते रे. पण हो."

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी टेम्पलेट उघडलं, तालीम चालवली, आणि काहीही न विचारता मंजूर करून टाकलं. पडद्यावरून त्याचं नाव गेलं. मी ते जाताना बघितलं आणि मला जराही वाईट वाटलं नाही. मग मी त्याच्या वह्या उचलल्या, त्यानं लॅपटॉप उचलला, आणि आम्ही दोघं मिळून त्याचं सामान एक मजला खाली ठेवून आलो.